अनुमानाचे प्रश्न शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

उताऱ्यावरच्या अनुमानाच्या प्रश्नांना मी किती टरकायचे, हे तुम्ही जवळून पाहिलंय. मार्गदर्शक पुस्तकं ‘खोलात जाऊन वाचा’ एवढं सांगून मोकळी होतात. खोलात म्हणजे नेमकं कुठे? ते तुम्ही इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावरच्या उताऱ्यातून दाखवलंत, म्हणून हे जाहीर आभार.

वुल्फबाईंची पहिली कादंबरी १९१५ची, पण लंडनच्या ‘टाइम्स’च्या साहित्य पुरवणीत त्या १९०५पासून पुस्तक परीक्षणं लिहीत होत्या. तिथे परीक्षणाखाली नाव छापत नसत. यावरून काय अनुमान निघतं, असा प्रश्न होता. पहिलाच पर्याय होता, ‘त्यांना स्वतःचं नाव द्यायला संकोच वाटे.’ किती पटण्यासारखा! तुम्ही एवढंच विचारलंत, “नाव न छापण्याची पद्धत कोणाची? बाईंची की पुरवणीची?” बरोबर उत्तर अगदीच अळणी निघालं: नुसता अंक वाचून परीक्षण कोणाचं, हे वाचकाला कळत नसे. उतारा खरा धरूनही जो पर्याय खोटा ठरू शकतो, त्यावर काट मारायची. तुमची ही एक कसोटी मला शंभर सराव प्रश्नपत्रिकांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

दुसरा प्रश्न खरा चकवा होता. १९३९च्या एका पुस्तिकेत बाईंनी सुचवलं, की नव्या पुस्तकाचा थोडक्यात गोषवारा द्यावा, पसंती-नापसंतीची खूण करावी, बस्स. परीक्षकाने लेखकाला खासगीत भेटावं आणि डॉक्टरसारखी फी घेऊन तासभर सल्ला द्यावा. मग ‘त्यांना टीका निरुपयोगी वाटे’ असं म्हणायचं का? तुम्ही बोट ठेवलंत ते फीवर. निरुपयोगी गोष्टीसाठी लेखकाला पैसे मोजायला कोण सांगेल? त्यांचा आक्षेप होता तो चारचौघांत होणाऱ्या परीक्षणावर.

त्याच पुस्तिकेच्या शेवटी त्यांचे पती लेनर्ड यांनी आपले मतभेद नोंदवले आहेत. ‘पती-पत्नींचं पटत नसे’ या पर्यायावर सगळे हसले, तेव्हा तुम्ही म्हणालात, “हसताय काय, घाईत असलात तर यावरच खूण कराल!”

प्रत्येक उत्तरापुढे आधाराच्या ओळीचा क्रमांक लिहायला लावायचात, त्याचा तेव्हा भारी वैताग यायचा. आता तो क्रमांक सापडल्याशिवाय माझं पेन पुढे सरकत नाही.

नवे उतारे काढलेत तर नक्की पाठवा. कठीण असले तरी चालतील.

आपली,
एक विद्यार्थिनी