‘लक्ष नाही’ हा शेरा मारण्याआधी

संपादक महोदय,

सहामाहीचा निकाल लागला की प्रगतिपुस्तकात एक शेरा हमखास दिसतो : ‘अभ्यासात लक्ष नाही’. हाच शेरा चिठ्ठीवर उतरतो आणि मूल समुपदेशकाकडे जाते. डोके दुखते, पोट दुखते म्हणणारे मूल मात्र शारीरिक शिक्षणाच्या सरांकडे, नाहीतर थेट घरी. शरीराचे दार वेगळे, मनाचे वेगळे, आणि दोन्ही दारांशी बरीच मुले चुकून येतात. दर चाचणीच्या सकाळी दुखणारे पोट पेपर संपताच थांबत असेल तर ते बहुधा मनाचे दुखणे. उलट, दुसऱ्या तासाला डुलक्या घेणाऱ्याचा ‘निरुत्साह’ पुष्कळदा रिकाम्या पोटाचा असतो. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी वर्गशिक्षकांनी पाच गोष्टी विचाराव्यात. काल किती वाजता झोपलास? सकाळी काय खाऊन आलास? आल्यापासून पाणी प्यायलास का, लघवीला गेलास का? मागच्या बाकावरून फळ्यावरचे वाचता येते का? घरी काही झाले आहे का? शेवटचा प्रश्न शेवटीच, आणि वर्गाबाहेर.

झोपेचा हिशेब सोपा आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. बालरथ, म्हणजे आपल्या गोव्यातली शाळेची बस, पावणेसातला वाड्यावर येत असेल तर मूल पावणेसहाला उठते. शिकवणी आठला सुटली, जेवण नऊला झाले, मग मोबाइल. अकराला आडवे झाले तरी झोप भरते पावणेसात तास. बालरथाची वेळ शाळेच्या हाती फारशी नसते. पण रात्री नऊला वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गृहपाठ टाकणे थांबवणे नक्कीच आहे. सायंकाळी सहानंतर एकही सूचना नको, असा ठराव पालक-शिक्षक संघाला एका बैठकीत करता येतो.

खाण्याचे जरा सविस्तर. चहात बुडवलेल्या दोन बिस्किटांवर निघालेले मूल मधल्या सुट्टीपर्यंत तग धरत नाही. शालेय पोषण आहार योजनेच्या निकषाप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. या जेवणातल्या दोन पावांतून साधारण ८ ग्रॅम येतात. बटाट्याची पातळ भाजी त्यात फारशी भर घालत नाही. तीच भाजी अळसांद्यांची (चवळीची) केली आणि प्रत्येकाच्या वाट्याला ३० ग्रॅम सुके कडधान्य पडले, तर आणखी ७ ग्रॅम मिळतात. ३० ग्रॅम म्हणजे शंभर मुलांमागे तीन किलो, भिजवण्यापूर्वी. हे जेवण पुरवणाऱ्या स्वयंसाहाय्य गटाला ‘जेवण चांगले द्या’ असे सांगून काही होत नाही. काल रात्री किती किलो भिजत घातले, हे विचारावे. आणि दर वाढवून मागणाऱ्या गटाची बिले वेळेवर निघतात का, हेही त्याच दमात पाहावे.

नववी-दहावीला ही योजना नाही. ही मुले कॅन्टीनमधल्या बटाटवड्यावर किंवा फाटकाबाहेरच्या गाड्यावर असतात. जादा मेद, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. नियम योग्यच. पण गाडा नुसता हटवला तर मूल उपाशी राहते किंवा ५१ व्या मीटरवर जाते. उकडलेली अंडी, चणे, केळी, नाचणीचे तिझन (पेज) ठेवणाऱ्यालाच कॅन्टीन द्यावे.

पाण्याचा प्रश्न खरे तर शौचालयाचा आहे. शाळेत १२० मुली, चार शौचालये आणि मधली सुट्टी १५ मिनिटांची असेल, तर एकूण वेळ झाला ६० मिनिटे. प्रत्येकीला मिळाला अर्धा मिनिट. मग मुली पाणीच पीत नाहीत. दुपारची डोकेदुखी आणि लघवीची जळजळ इथून सुरू होते. पाण्यासाठी वेगळी घंटा वाजवण्याची पद्धत चांगली आहे, पण आधी कडी बसवा, आत झाकणाचा डबा ठेवा, आणि तासाच्या वेळीही जाऊ द्या. सॅनिटरी पॅड कपाटात आणि कपाटाची किल्ली सरांकडे, ही व्यवस्था नसल्यात जमा.

लोहाच्या निळ्या गोळीचे असेच होते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते, आठवड्यातून एकदा द्यायची असते. उपाशीपोटी दिली की मळमळते, दुसऱ्या दिवशी शौच काळे होते, घरचे घाबरतात आणि पुढच्या आठवड्यात गोळी खिडकीबाहेर जाते. ती खाण्यानंतरच द्यावी, त्यावर तासभर चहा नको, सोबत लिंबू किंवा पेरू असेल तर लोह अधिक शोषले जाते. शौचाचा रंग बदलणार हे आधीच सांगावे, आणि बाईंनी वर्गासमोर स्वतःही एक घ्यावी.

डोळ्यांबद्दल एकच : शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल दरवेळी कॉपी करत नसते, त्याला फळा दिसत नसतो.

आता मैदान. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदानात पाणी, आणि तो तास गणिताला. शिवाय २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले. त्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून खेळाचा तास पहिल्या दोन तासांतच हवा. पावसात सभागृह नसले तरी बाक बाजूला सारून वर्गात फुगडी घालता येते. पाच मिनिटे अंग मोकळे करणे, वीस मिनिटे फुगडी किंवा सूर्यनमस्कार, पाच मिनिटे श्वास सावरणे. मूल बोलू शकते पण गाऊ शकत नाही, इतपत दम लागला की पुरे. व्हरांड्यातल्या ओल्या लाद्यांवर दोरीउड्या मात्र नकोत, घोटा मुरगळतो. कमी गुण मिळाले म्हणून खेळाचा तास काढून घेणे ही तर आम्हाला सर्वांत न पटणारी शिक्षा.

हे सगळे तपासूनही दोन आठवडे मूल गप्प, चिडके किंवा एकटे राहत असेल तर समुपदेशक. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. पण पद भरले तरी खोली कुठली? स्टाफरूमचा कोपरा दिला आणि मुलाचे नाव माइकवरून पुकारले की ते मूल पुन्हा येत नाही. ग्रंथालयाची आणि समुपदेशनाची चिठ्ठी एकाच रंगाची असावी. गुप्तता कुठे संपते हे पहिल्याच भेटीत सांगावे : जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर गप्प राहता येत नाही, पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली कळवणे बंधनकारक आहे. मरणाची भाषा करणाऱ्या मुलाला शिक्षकांनी ‘असे बोलू नये’ म्हणून गप्प करू नये. सरळ विचारावे, एकटे सोडू नये, पालकांना बोलावून त्याच दिवशी बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेत न्यावे.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालतो. त्याची पाटी सहसा मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर लागते, जिथे ती वाचत उभे राहण्याची हिंमत कुणाला होत नाही. ती शौचालयाच्या दाराला आतून लावावी. तिथे मूल एकटे असते.

– काही शालेय समुपदेशक व शारीरिक शिक्षण शिक्षक, फोंडा तालुका