पावसाचा आकडा वेळेसकट छापा

संपादक महोदय,

हवामानाच्या चौकटीत ‘काल मुंबईत 90 मिमी’ एवढंच छापलं तर वाचकाला काय कळणार? हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी कोसळलेला पाऊस मंगळवारच्या नोंदीत येतो. काही बातम्यांत तर सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच, या नऊ तासांचाच आकडा दिवसाचा म्हणून खपवतात आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून वेधशाळेच्या नावाने ओरड. केंद्राचं नावही हवंच: 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 944 मिमी मोजला गेला, कुलाब्याला 75 सुद्धा नाही. चौकटीत केंद्र आणि कालावधीचा रकाना वाढवा. शेजारची जाहिरात बोटभर आखडली तरी चालेल.

– एक वाचक, मुंबई