दीड तासाचं विमान

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

त्या रात्री मला लगेच का नाही कळवलंत, हा विषय फोनवर काढला की आई, तू लगेच 'जेवलीस का' विचारतेस. म्हणून लिहितेय.

बाबा पडले रात्री दोनला. मला फोन आला सकाळी आठला. "दीड तासाचं तर विमान, उगाच पोरीची झोपमोड कशाला?" हे तुझं गणित. तिकिटावरच्या वेळाही तेच सांगतात. नागपूरचं सोनेगाव ते पुण्याचं लोहगाव, या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. वर गेल्यावर विमान ताशी ८०० च्या आसपास पळतं, म्हणजे खरं तर पाऊण तासच लागायला हवा. पण जमिनीवर रांगत जाणं, चढणं, उतरणं आणि लोहगावला हवाई दलाच्या धावपट्टीवर नंबर लावणं, यात बाकीचा वेळ जातो. बाबा, हे तुम्हाला आवडेल: थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, त्यामुळे पुण्याहून नागपूरला यायला कमी वेळ लागतो आणि परतताना जास्त. माहेरी येताना वारासुद्धा पाठ राखतो.

पण माझं घर काही लोहगावात नाही गं. कोथरूडहून विमानतळ म्हणजे सकाळच्या गर्दीत दीड तास. सामानाचा काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद. त्या दिवशी मिळालं ते दुपारचं विमान, तेही पाऊण तास लेट. सोनेगावला उतरून, बॅगेसाठी ताटकळून, ऑटोने दवाखान्यात पोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. बाबा झोपले होते. पलंगाखाली त्यांची एकच चप्पल होती, अंगठ्याजवळ शिवलेली. ती बघून मला रडू आलं. तू विचारलंस, तर डोळ्यांत कचरा गेला म्हणाले.

म्हणजे आठपासून सहा, दहा तास. रेल्वेने यावं, तर पुण्याहून अजनीची वंदे भारत १२ तास घेते! रस्त्याने समृद्धी धरली तरी ७०० च्या वर किलोमीटर, आणि तशा मनःस्थितीत मी गाडी चालवू नये हेच बरं. दोनलाच फोन आला असता, तर रिकाम्या रस्त्याने जाऊन पहाटेचं विमान धरलं असतं.

बाबा, तुम्हीच सांगायचात ना, तुमच्या खात्यातले जुने लोक काय सांगत ते? १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची टपाल विमानं मध्यरात्री सोनेगावला यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. लोकांची पत्रं रात्री निघायची, आणि तुम्ही मात्र सकाळची वाट बघत बसलात.

तेव्हा काय ते ठरवून टाका. छातीत कळ असो, चक्कर असो की नुसती भीती वाटो, त्याच मिनिटाला फोन. माझा फोन उशाशी असतो, आवाज पूर्ण चालू. काही नसलं तर मी परत झोपेन. तुमच्या जावयाला तर ढोल वाजले तरी जाग येत नाही, त्याची काळजी नको.

प्लास्टर काढायच्या दिवशी येतेय, पहाटेच्याच विमानाचं तिकीट काढलंय. आई, सांबारवडी कर. आणि बाबांची दुसरी चप्पल सापडली का?

तुमची,
धाकटी