केसपेपरवरचा कोरा रकाना

प्रति,
संपादक

महोदय,

दोन वर्षं झाली, माझ्या थोरल्या दिरांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते. पहाटेची एसटी, मग चार तास बाहेरच्या बाकावर. तिथे 'तुमच्याकडे कशामुळे झालं?' हा प्रश्न निघतोच. कुणी साखर सांगतं, कुणी बीपी, बरेच जण नुसते खांदे उडवतात. भाऊजींच्या फायलीत 'दोन्ही किडन्या आक्रसलेल्या' एवढंच आहे. कारणाचा रकाना कोरा.

डॉक्टर म्हणाले, इतक्या उशिरा किडनीचा तुकडा काढून तपासला तरी फारसं कळत नाही. बीपीचंही तेच. बीपीने किडनी जाते आणि किडनी गेली की बीपी चढतं, मग आधी कोण? हे पटतं. २०१२ साली देशभरातल्या ५२ हजारांवर किडनीरुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, तीत मधुमेह ३१ टक्के आणि त्याखालोखाल 'कारण अज्ञात' १६ टक्के.

पण कारण न सापडणं वेगळं आणि न विचारणं वेगळं. भाऊजींना साखर नाही. आंब्याच्या बागेत राबून गुडघे गेले, म्हणून कित्येक वर्षं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेत होते. एका लावणीच्या मोसमात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, झाला, लघवी बंद पडली. वाचले, घरी आले, त्यानंतर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, कुणी पाहिलंच नाही. यातलं काहीही केसपेपरवर नाही. दवाखान्यात कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. बाकावरच्या एका आजींना घोणस चावली होती, तीही गोष्ट बाकावरच राहिली.

गावात खापर फुटतं ते खाडीकाठच्या मचूळ पाण्यावर. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यात उद्दानम म्हणून भाग आहे, आपल्यासारखाच किनाऱ्याचा, नारळ-काजूचा. तिथे हा आजार घरोघरी आहे. पाणी, कीटकनाशकं, उन्हातली मेहनत सगळं तपासलं, तरी एकच एक कारण हाती लागलेलं नाही. विहिरीकडे बोट दाखवणं सोपं, एवढंच मी म्हणेन.

माझी मागणी साधी आहे. पहिल्याच दिवशी साप, लेप्टो, दुखण्याच्या गोळ्या, मुतखडा, घरात आणखी कुणाला हा त्रास, एवढं विचारून लिहून ठेवा. लेप्टो किंवा सर्पदंशात किडनीला मार बसून जो घरी जातो, त्याला तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा. नुसतं क्रिएटिनिन पुरत नाही, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिनही बघा. क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं निम्मं काम गेलेलं असू शकतं.

भाऊजींच्या मुलाने गेल्या महिन्यात दोन्ही तपासण्या करून घेतल्या. त्याला मी पाठवलं. दवाखान्यातून कुणी सुचवलं नव्हतं.

एक वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग