पहाटेचं फिरणं बंद करा, बाबा

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर बाबांचा खोकला थांबेना, तशी आईनं फोन हातातून घेतला आणि पऱ्हाटीच्या गोष्टी काढल्या. फोनवर तुम्ही दोघं मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते.

बाबा, गावाजवळच्या कोळशाच्या वीज केंद्राचं नाव काढलं की "काहून घाबरते, राखच तर आहे" हे तुमचं ठरलेलं. वेचणीला आले तेव्हा आईची बोटं पाहिली. फुटलेल्या बोंडातला कापूस ओढला की बोटांची टोकं करडी. त्याच कापसाला व्यापारी मळका माल म्हणाला आणि भाव पाडला. आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते. तिच्यातली बहुतेक यंत्रं चिमणीआधीच धरतात, पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. उन्हाळ्यात तलाव सुकला की वारा ती शिवारात आणतो, बाकीची राख ताडपत्री न बांधलेले ट्रक रस्ताभर सांडतात.

ती निदान दिसते, धुता येते. मला भीती न दिसणाऱ्याची आहे. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा भाग, नाकात अडकत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. कोळशातल्या गंधकाचा वायू होतो, त्याचेही हवेत असेच कण बनतात, चिमणीपासून पार लांबवर. हा वायू रोखायचा नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाला, मुदत दोन वर्षांची. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. सक्ती उरली ती मुख्यतः दिल्ली परिसरातल्या आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांना. गावात माणसं कमी म्हणून छात्याही कमी धरल्या असाव्यात.

तुम्ही म्हणाल, केंद्रात गेलेल्या जमिनीच्या पैशावरच तू शिकलीस, दादाही तिथल्याच ठेकेदाराकडे आहे. मान्य. पण ते उपकार छातीनं फेडायचे नाहीत. आणि सगळं केंद्रावर ढकलतही नाही. आईनं जन्मभर चुलीचा धूर गिळला आणि धुऱ्यावर पऱ्हाटी आपणही पेटवतोच.

आता ऐका. हिवाळ्यात पहाटे जमिनीजवळची हवा थंड, वरची उबदार, त्यामुळे खालचा धूर-धूळ खालीच कोंडते. उंच चिमणीचा धूर तेव्हा वर राहतो, पण ऊन चढून हवा ढवळली की तोही खाली येतो. म्हणून सकाळ नकोच. दुपारी चारनंतर फिरा, सूर्य बुडायच्या आत घरी या. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक कण अडवत नाही. दादाजवळ एन-९५ मास्क पाठवलेत, तेच वापरा. आई, तू अंगण झाडण्याआधी पाणी शिंपड आणि घरात ओल्या फडक्यानंच पूस.

शनिवारी दादा तुम्हाला नागपूरला छातीच्या डॉक्टरांकडे नेईल. नळीत जोरानं फुंकायची तपासणी असते, दुखत नाही. आधी भरपेट जेवू नका. डॉक्टरांना राखेच्या तलावापासून घर किती जवळ आहे ते सांगायचं, आणि चाळीस वर्षांत बिडीला हात लावला नाही हेही. नाहीतर तेही वय झालं म्हणून गोळ्या देऊन वाटेला लावतील. आई, तुझीही तपासणी त्याच दिवशी, दादाला तसं सांगितलंय. म्हशीची सबब चालणार नाही, काकू दूध काढतील.

तुमची लेक