बाबा, अजून आठ दिवस

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

डब्याच्या पिशवीत हे पत्र ठेवतेय. समोर बसून बोलायला लागले की बाबा चिडतात, मग मला रडू येतं आणि आई, तू मधल्यामध्ये अडकतेस. शिवाय सकाळचं बोलणं बाबांना संध्याकाळी आठवेलच असं नाही. कागद उशाशी राहील, हवा तेव्हा पुन्हा वाचता येईल.

काल मी डॉक्टरांना होकार देऊन टाकला. शिरेतून औषध पूर्ण २१ दिवस. आज तेरावा. बाबा, तुम्हाला न विचारता दिला, हे खरं. ताप गेला, जेवण जातंय, मग गोळ्या लिहून द्या आणि नौपाड्याच्या घरी सोडा, हे तुमचं म्हणणं मलाही आधी पटलं होतं. म्हणूनच डॉक्टरांना चारदा विचारलं.

तुमच्या मेंदूला सूज आली ती हर्पिसच्या विषाणूमुळे. त्यावर ॲसायक्लोविर आहे, पण औषध रक्तात गेलं म्हणजे मेंदूत पोचलंच असं नसतं. शरीरात बऱ्याच ठिकाणी केशवाहिन्यांना बारीक फटी असतात. मेंदूत त्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फट म्हणून उरत नाही. तुम्ही तीस वर्षं जकात नाक्यावर काढलीत, तुम्हाला हे माझ्याहून लवकर कळेल. साखरेला तिथे स्वतःची वेगळी वाट आहे, कारण मेंदूचं तिच्यावाचून चालत नाही. तेलात विरघळणारे लहान रेणू भिंतीतूनच झिरपतात. तुमच्या चहातलं कॅफिन बिनदिक्कत आत जातं. काही औषधं शिरली तरी पेशींतले पंप त्यांना उलट बाहेर काढतात. ॲसायक्लोविर तेलापेक्षा पाण्यात रमणारं, त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्यात ते रक्तातल्या साधारण निम्मंच भरतं. ही भिंत वैरी नाही हं, एरवी किती विषं ती बाहेरच अडवते. फक्त आत्ता ती आपल्या औषधालाही अडवतेय.

गोळीचं तर आणखी अवघड. गिळलेल्या ॲसायक्लोविरचे शंभरातले पंधरा ते तीस भागच रक्तात उतरतात. मग त्याच्या निम्म्याने काय होणार? म्हणून वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, तेही तासभर हळूहळू. तुमचे ६२ किलो, म्हणजे एका वेळी ६२०. रात्री डोळा लागतो न लागतो तोच सिस्टर येतात, याचा राग येतो ना? पण रक्तातलं औषध काही तासांतच ओसरतं, आणि तिथे ओसरलं की मेंदूतही ओसरतं. पूर्वी दहा दिवसांत थांबवायचे, तेव्हा काहींचा आजार उलटला. चौदा ते एकवीस दिवस त्या अनुभवातून आले. अप्पाकाकांना आपण लवकर घरी आणलं होतं. तेवढंच लिहिते.

आई, तू फोनवर म्हणालीस, "हे उलटसुलट बोलतायत, गॅस बंद असून जळका वास येतोय म्हणतात." आणि मी म्हणाले, झोप झाली नसेल. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. वासाचा भास, शब्द न सापडणं, सगळं मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातल्या सुजेमुळे होतं. दोन दिवस माझ्यामुळे गेले. आता उरलेले आठ मी कुणाला कापू देणार नाही.

दुसरं, सुटल्यावर नौपाड्याला नाही, खारघरला माझ्याकडे यायचं. तीन जिने आत्ता झेपणार नाहीत. कायमचं म्हणत नाही, पावसाळा सरेपर्यंत. बाबांची आरामखुर्ची परवा टेम्पोने आणून खिडकीशी ठेवली, सकाळचं ऊन थेट पायावर येतं. बाथरूममध्ये दोन्हीकडे दांडे लावून घेतले. देव्हाऱ्याला पूर्वेची भिंत मोकळी ठेवलीय. तुळशीला पाणी शेजारच्या वहिनी घालतायत, किल्ली त्यांच्याकडेच आहे. परकं घर वाटणार नाही, बाबा, तुमच्याच वस्तू दिसतील.

मला कांजिण्या आल्या होत्या, आठवतं? तोही विषाणू याच कुळातला. तुम्ही रजा काढून बसायचात, कडुनिंबाची डहाळी अंगावरून फिरवायचात, आणि मी खाली खेळायला जायचं म्हटलं की, "खपली पडू दे गं, मग तलावपाळीला नेतो." मी किती शिव्याशाप दिले तुम्हाला! आणि तुम्ही खरंच नेलंत, भेळ आणि वर कुल्फी.

आता ऐका. औषध मूत्रपिंडाला जड जातं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं पाणी प्यायचंच, बाथरूमच्या फेऱ्यांचा कंटाळा करून टाळायचं नाही. आई, लघवीचं माप वहीत लिहायचं, कमी वाटलं तर सिस्टरना लगेच सांगायचं. सुईपाशी हात सुजला, दुखला तर "उगाच कशाला त्रास" म्हणून गप्प बसू नका. नाव चुकलं तर लपवू नका, बाबा. काल मला ताई म्हणालात, मला छानच वाटलं.

डब्यात खालच्या पुडात मऊ भात आहे, मेतकूट वेगळं बांधलंय. आई, तू आधी जेव, गार करून खाऊ नकोस. मी सहाला येते.

तुमची,
चिमी