समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी : एक जाहीर आभार पत्र

प्रति,
निवृत्त कक्ष अधिकारी,
शैक्षणिक विभाग

विषय : टिपणीच्या समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदींबद्दल आभार मानण्याबाबत.
संदर्भ : माझी पहिली टिपणी, जी आपण तीन वेळा परत पाठविली होती.

महोदया,

पत्राला विषय आणि संदर्भ नसेल तर आपण मजकुराकडे वळतही नसत, म्हणून या पत्रालाही दोन्ही जोडले आहेत. आपले नाव कोठे छापायचे नाही ही आपली अट मी पाळली आहे. विद्यापीठाचे नावही घेतलेले नाही, कारण पुढे ज्या चुका येतील त्या माझ्या आहेत आणि त्या संस्थेच्या खात्यावर पडू नयेत.

पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षे काढून २०२३च्या उन्हाळ्यात मी कंत्राटी प्रकल्प व्यवस्थापक म्हणून आपल्या विभागात रुजू झालो, तेव्हा राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीबाबतचा २० एप्रिल २०२३चा शासन निर्णय नुकताच आला होता. विद्यापीठातील विभाग आणि स्वायत्त महाविद्यालये यांच्यात २०२३-२४पासून व संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून या धोरणानुसार अभ्यासक्रमांची नवी रचना सुरू व्हायची होती. मी आठ दिवसांत एक रंगीत तक्ता तयार केला. त्यात अभ्यासक्रम लिहिण्यासाठी सहा आठवडे होते, छाननीसाठी दोन होते आणि शेवटी ‘मान्यता – एक आठवडा’ असा एक हिरवा चौकोन होता. आपण चष्मा वर करून त्या चौकोनावर पेन्सिल टेकवली आणि विचारले, “कोणाची मान्यता?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. अभ्यास मंडळाने मंजूर केलेला मसुदा विद्याशाखेकडे जातो, तेथून शिफारशीसह विद्या परिषदेकडे, आणि ज्यात पैशाचा प्रश्न येतो ते पुढे व्यवस्थापन परिषदेकडे. प्रत्येक बैठकीची विषयपत्रिका आधीच बंद होते, आणि एका बैठकीचे इतिवृत्त कायम होईपर्यंत पुढच्या टेबलावरचा माणूस नस्ती, म्हणजे फाईल, उघडत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मी वाचला होता, पण तो वाचणे आणि त्यातील प्राधिकरणांच्या तारखा एकामागून एक लावणे यांत किती अंतर आहे, हे आपण जुन्या वहीतील मागील चार वर्षांच्या बैठकांच्या तारखा माझ्यापुढे ठेवल्या तेव्हाच कळले. माझा एक आठवडा त्या वहीप्रमाणे अकरा आठवड्यांचा निघाला. मग मी कंपनीतल्या सवयीने आडवाट शोधली: कुलगुरूंनी तातडीच्या बाबतीत कलम १२(७) वापरून सगळेच मंजूर करावे आणि परिषदेसमोर ते नंतर ठेवावे. आपण हसलाही नाहीत. “बारा-सात म्हणजे अचानक पाहुणे आल्यावरचे पिठले,” असे म्हणालात, “रोजचा स्वयंपाक त्यावर काढायचा नसतो.” ते वाक्य मी टिपणीत घालू शकलो नाही, याची खंत आजही आहे.

मात्र हे पत्र मुख्यतः ज्या प्रसंगासाठी लिहितो आहे तो त्यानंतरचा, संलग्न महाविद्यालयांच्या तयारीतला आहे. पहिल्या सत्राचे सर्व विषय, त्यांचे सांकेतांक, श्रेयांक (क्रेडिट) आणि तास यांची एकत्रित यादी मी तयार केली होती. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांची बेरीज बावीस येत होती, मुख्य विषय, खुला ऐच्छिक, कौशल्याधारित, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असे सगळे रकाने भरलेले होते, आणि ती यादी चार अधिष्ठात्यांच्या नजरेखालून जाऊन आली होती. आपल्या टेबलावरून ती परतली तेव्हा विज्ञानाच्या सात प्रात्यक्षिकांपुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : “तास?”

मला चूक सापडायला दुपार गेली. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात पंधरा तास, पण प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास. मी संपूर्ण रकान्याला श्रेयांक गुणिले पंधरा हे एकच सूत्र लावले होते, त्यामुळे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकापुढे साठऐवजी तीस तास पडले होते. श्रेयांकांची बेरीज त्यामुळे बिघडत नव्हती आणि म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यांना खुपले नाही. मी सूत्र दुरुस्त करून, दिलगिरीचे दोन शब्द जोडून यादी परत आणली, तेव्हा आपण मला बसवून घेतले आणि ती चूक मंजूर झाली असती तर पुढे काय झाले असते ते सांगितले. पंधरा आठवड्यांच्या सत्रात साठ तास म्हणजे आठवड्याला चार; वर्गाच्या तीन तुकड्या असतील तर शिक्षकांच्या कार्यभारात ते बारा होतात. माझ्या यादीने त्यांचे सहा केले होते. एका महाविद्यालयात एका विषयामागे आठवड्याचे सहा तास गेले की कार्यभाराच्या तक्त्यात प्रथम कोणाचे नाव कमी होते, हे आपल्याला पाठ होते : तासिका तत्त्वावरील शिक्षकाचे. कायम नेमणूक असलेल्याचे तास भरून घेतले जातात; जो चाळीस किलोमीटरवरून मोटारसायकलीने येऊन तासावर मानधन घेतो, त्याला जूनमध्ये फोनच येत नाही. आणि तो का आला नाही, याचा शोध घेत कोणीही माझ्या यादीतल्या एका सूत्रापर्यंत पोहोचले नसते.

मी तोवर कित्येक प्रकल्प वेळेत पूर्ण केले होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. रकान्यामागे माणूस शोधण्याची सवय मात्र त्या दुपारपर्यंत मला नव्हती. आता कोणतीही यादी पुढे पाठविण्यापूर्वी मी ती एकदा तासांच्या बाजूने उलटी वाचतो, हे आपल्याला कळावे म्हणून लिहिले.

बाकीच्या नोंदी किती सांगाव्यात? खुला ऐच्छिक विषय विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, हा नियम मी निर्धास्तपणे लिहिला होता, आपण समासात “एकच शाखा असलेली महाविद्यालये?” एवढेच विचारलेत, आणि तालुक्याच्या गावांतील केवळ वाणिज्य किंवा केवळ कला शाखा असलेल्या महाविद्यालयांची यादी माझ्या हाती दिलीत. शेजारच्या महाविद्यालयाशी करार किंवा केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरील विषय, हे पर्याय त्यानंतर परिपत्रकात आले.

विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात त्या श्रेयांक बँकेच्या कामात तर आपल्या एका सूचनेने आमचा महिनाभर वाचला असावा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि शेवटी आईचे नाव, तर आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी आणि आईचे नाव नाहीच. मग श्रेयांक जमा करताना दोन नोंदी जुळणार कशा? “प्रवेश अर्जातच आधारप्रमाणे नाव वेगळ्या रकान्यात घ्या, निकालाच्या वेळी रडू नका,” असे आपण म्हणालात. रकाना घेतला. तरीही काही मुलांची नावे जुळली नाहीत, पण ती एका टेबलावर एका आठवड्यात निस्तरता आली.

आपल्यावर मी रागावलोही होतो, हे येथे लपवण्यात अर्थ नाही. टिपणी तिसऱ्यांदा परत आली, त्या दिवशी मी शिपाईमामांपाशी बराच बोललो, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले असणार, कारण या विद्यापीठात न पोहोचणारी गोष्ट नसते. आपण त्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. चौथ्यांदा टिपणी आली तेव्हा मात्र समासात फक्त आद्याक्षरे होती, आणि ती पेन्सिलीने नव्हे, शाईने. त्या कागदाची झेरॉक्स मी घरी ठेवली आहे. अशी प्रत काढणे नियमात बसत नसल्यास क्षमस्व.

निवृत्तीच्या दिवशी शाल आणि श्रीफळ स्वीकारून आपण पुन्हा टेबलावर जाऊन बसलात आणि कार्यालय सुटेपर्यंत आवक नोंदवहीतील प्रलंबित नस्त्या माझ्या नावे वर्ग करीत राहिलात. नव्या रचनेवर जी सादरीकरणे झाली, त्यांत माझे छायाचित्र होते आणि शैक्षणिक विभागाचा उल्लेख ‘सहकार्य’ या एका शब्दात होता. तो शब्द असलेली सादरीकरणातली शेवटची पाटी (स्लाइड) मीच तयार केली होती. हे पत्र जाहीर लिहिण्याचे कारण तेच.

चौथ्या वर्षाच्या वेळापत्रकाचा मसुदा तयार आहे. त्यात ‘मान्यता’ या शब्दाच्या जागी चार प्राधिकरणांची नावे आणि चार तारखा आहेत. संशोधन प्रकल्पाच्या तासांचा रकाना अद्याप कच्चा आहे. आपल्या सवडीने, आणि आपली हरकत नसेल तर, तो पाहून द्यावा ही विनंती.

आपला विश्वासू,
प्रकल्प व्यवस्थापक (शैक्षणिक कार्यक्रम)

सोबत : मसुद्याची एक प्रत, रुंद समास सोडून.
प्रत माहितीस्तव : शिपाईमामा, शैक्षणिक विभाग.